मागचं डावं चाक

पंचशील तायडे हा मूळचा मिलचा माणूस. अठराव्या वर्षी कताईखात्यात लागला आणि मिलच्या दरवाजाला कुलूप पडलं तेव्हा तो त्या खात्याचा मुख्य फिटर होता. सूत कातणाऱ्या हजारो चात्या एका रेषेत, एका उंचीवर, अंगाला कंप न येता फिरल्या पाहिजेत, हे त्याचं काम. कुठली चाती तिरकी चालली आहे हे त्याला पन्नास पावलांवरून कानांनी कळायचं, आणि किती तिरकी आहे हे जवळ जाऊन तळहातानं.

मिलमध्ये फिटरला एक हक्क होता. यंत्रात दोष दिसला की तो हँडलला लाल चिंधी बांधायचा. ज्यानं चिंधी बांधली त्यानंच ती सोडायची, असा रिवाज. मग मॅनेजर येऊन उभा राहो की मालकाचा जावई, यंत्र सुरू व्हायचं नाही. पंचशीलनं आयुष्यात पैशाचा रुबाब कधी केला नाही, पण त्या चिंधीचा मात्र केला होता.

मिल बंद पडली आणि इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या गल्ल्यांमध्ये भरदुपारी माणसं ओट्यावर बसलेली दिसायला लागली. पंचशील बसला नाही. पोलोग्राउंडला नानासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये त्यानं मोटारींची चाकं सरळ करायचं काम धरलं. चाक काय आणि चाती काय, फिरणारी वस्तू सरळ फिरली पाहिजे, एवढंच. बायको जया टेलिफोन खात्यात होती, म्हणून घर हललं नाही. वडील कचरूबाबा महूच्या छावणीत फौजी ट्रक चालवून निवृत्त झालेले. ते आता घरी असत आणि मुलाच्या नव्या धंद्याबद्दल फारसं बोलत नसत.

अशी पाच वर्षं गेली. सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी वर्कशॉपच्या फाटकातून एक लाल, बुटकी, दोन दारांची जपानी गाडी आत आली. अशी कूपे इंदुरात तेव्हा दुसरी नसेल. गाडीतून उतरले मोहन राजवाडे. पुण्याचे इंजिनिअर, पीथमपुरात परदेशी भागीदारीत नव्यानं उघडलेल्या कारखान्यात सुरक्षा विभागाच्या मोठ्या हुद्द्यावर, आणि राहायला विजय नगरच्या नव्या फ्लॅटमध्ये.

"वळणावर हिचं नाक आत येत नाही," मोहन म्हणाले. "मी स्टिअरिंग फिरवतो आणि ही आपली सरळच जाते. चार ठिकाणी दाखवली. सगळे म्हणतात, बाहेरची गाडी आहे, आमच्याच्यानं होणार नाही."

पंचशीलनं बॉनेट उघडायला लावलं नाही. तो उकिडवा बसला आणि पुढच्या टायरवरून त्यानं तळहात फिरवला.

"बघा सर, बाहेरची धार पूर्ण घिसून गेली आहे आणि आतली कोरीच्या कोरी. मतलब वळताना टायर कडेवर उभा राहून राहिला. पाय पूरा टेकतच नाही जमिनीला. टेकला तर पकडेल ना!"

मोहननी पुस्तकं वाचली होती. याला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्यांना ठाऊक होतं; पण एवढ्या सोप्या शब्दांत ते कोणी सांगितलं नव्हतं. ते हसले आणि म्हणाले, "पंचशीलजी, गाडी आजपासून तुमच्या ताब्यात."

पुढचे दोन महिने पंचशीलच्या आयुष्यातले चांगले महिने होते. त्यानं आधी गाडीच्या खालची सगळी जुनी रबरं काढली. ती वाळून लाकूड झाली होती. त्यांच्या जागी लेथवर नायलॉनची बुशं कातून बसवली. मग गाडीच्या दोन्ही अंगांना चार खुंट्या रोवून त्यानं मिलमधलं पांढरं सूत ताणलं, आणि त्या सुतापासून प्रत्येक चाकाची पुढची आणि मागची कड किती अंतरावर आहे ते मोजलं. चात्यांची रांग तो असंच सूत धरून लावायचा. पुढची चाकं त्यानं वरच्या अंगाला थोडी आत झुकवली, म्हणजे वळणावर गाडी लोळली तरी टायर सपाट बसेल. मोहन सुटीच्या दिवशी येऊन शेजारी बसत, वहीत आकडे लिहीत, प्रश्न विचारीत. मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी दांडी जाड केली तर नाक आणखी आत येईल, हे मोहननी गणित मांडून सांगितलं. पंचशीलनं ती बनवून घातली.

"पण आता शेपूट हलकी होईल, सर."

"होईल. मग पुढे काय करू या?"

"मागची हवा दोन पौंड कमी करून बघू."

असं चालायचं. कोण साहेब आणि कोण मिस्त्री, हे दोघंही अधूनमधून विसरत.

मानपुरच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्ता सोडून आत गेलं की एका बंद पडलेल्या कारखान्याची खासगी हवाईपट्टी होती. शहरातल्या हौशी गाडीवाल्यांच्या क्लबनं ती भाड्यानं घेतली होती. तिथे रिकाम्या पिंपांनी वळणं आखून रविवारी गाड्या पळवत. पंचशील टायरच्या कडेवर खडूच्या रेघा ओढायचा. मोहन दोन फेऱ्या मारून आले की रेघ कुठपर्यंत पुसली ते दोघं वाकून बघत. कडेच्या खालपर्यंत पुसली तर हवा कमी, वरच थांबली तर हवा जास्त. एक मिनिट बावीस सेकंदांची फेरी हळूहळू एक मिनिट सोळावर आली.

दुपारी मोहनची बायको शोभना डबा घेऊन येई. एकदा जेवताना तिनं सहज विचारलं, "तायडे म्हणजे तुम्ही खानदेशाकडचे का?"

"आजोबा महूला फौजेत आले, तेव्हापासून आम्ही इकडचेच," पंचशील म्हणाला. "बौद्ध आहोत आम्ही."

मग मोहननी हात पुढे करून त्याच्या डब्यातली जयाच्या हातची शेंगदाण्याची चटणी घेतली आणि म्हणाले, "ही रोज का नाही आणत तुम्ही?" गोष्ट लहान होती. पण पंचशीलनं ती घरी गेल्यावर जयाला सांगितली, आणि जयानं पुढच्या रविवारी चटणी जास्त केली.

जानेवारीत क्लबनं मोठा दिवस ठरवला. मंडप, पाहुणे, घड्याळं, सगळं. मोहनच्या कंपनीचे परदेशी भागीदार त्या आठवड्यात इंदुरात असणार होते आणि मोहननी त्यांना बोलावलं होतं. आठ दिवस आधी मद्रासच्या एका ओळखीच्या शर्यतवाल्याकडून मोहननी चार मऊ रबराचे टायर मागवले. वापरलेले होते, पण तसे टायर आपल्याकडे मिळतच नव्हते. ते घातल्यावर कूपे रस्त्याला चिकटून वळायला लागली. फेरी एक मिनिट अकरावर आली. मोहननी गाडीतून उतरून घड्याळ दोनदा बघितलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पंचशीलनं चारही चाकं उतरवून आतल्या बाजूनं तळहात फिरवला. चौथ्या टायरवर हात थांबला. आतल्या भिंतीवर सुपारीएवढा फुगवटा होता.

त्यानं मोहनना बोलावलं आणि त्यांचा हात धरून त्या जागेवर ठेवला. "लागला? आतले धागे तुटले इथले. टायर म्हणजे आखिर सूतच आहे, सर. रबर तर वरचं लुगडं. सूत तुटलं की काही उरत नाही."

"कधीपर्यंत टिकेल?"

"एक महिना टिकेल की एक फेरी, कोण सांगणार? हा टायर नाही लावायचा. जुने चारही चढवू."

"जुन्यांवर पाच सेकंद मागे जाईन मी. उद्या ते लोक येणार आहेत, पंचशील. एवढ्या दिवसांची मेहनत आपली."

"तर मग मागचे दोन जुने लावू."

"पुढे मऊ आणि मागे कडक? शेपूट आली ना फिरून! तुम्हीच म्हणाला होता."

ते खरं होतं. मोहन त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. आवाज खाली आणून, अगदी मित्रासारखं त्यांनी विचारलं, "तीन फेऱ्या फक्त. मला एवढंच सांगा, कुठल्या चाकावर भार सगळ्यात कमी येतो?"

हा प्रश्न पंचशीलला पुढे फार दिवस छळत राहिला. कारण त्याला उत्तर येत होतं, आणि उत्तर येतं याचा त्याला त्या क्षणी अभिमान वाटला होता.

"मागचं डावं," तो म्हणाला. "आपली सगळी मोठी वळणं डावीकडची आहेत. गाडी लोळते उजवीकडे. मागचं डावं तर नुसतं सोबत जातं."

"मग तिथे लावा."

हँडलला बांधायला चिंधी नव्हती, आणि असती तरी ती इथे कोणी मानली नसती. त्यानं तो टायर मागच्या डाव्या चाकावर चढवला.

घरी जेवताना त्याची भाकरी ताटात तशीच राहिली. कचरूबाबांनी विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ताटातला हात थांबवला.

"फौजेत असा टायर लावून मी गाडी काढली असती तर साबनं माझी फीत उतरवली असती. तू 'नाही' बोलला नाहीस?"

"बोललो ना, बाबा. 'नाही'च बोललो मी."

"'नाही' बोललास आणि मग पाना हातात घेतलास. तर ते 'नाही' गेलं कुठे?"

जया म्हणाली, "बाबा, जेवू द्या त्यांना." पण तिनंही त्याच्याकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी हवाईपट्टीवर ऊन कोवळं होतं आणि माणसं बरीच जमली होती. पंचशीलनं चाकांची हवा तपासली, त्या फुगवट्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. होता तेवढाच होता. मोहन दुसऱ्या चालकांबरोबर सूचना ऐकायला गेले, आणि पंचशील पट्टीच्या पार टोकाला, शेवटच्या वळणापाशी जाऊन उभा राहिला. तिथून गाडीचं अंग वळताना नीट दिसायचं; तीच त्याची नेहमीची जागा होती.

लाउडस्पीकरवर काहीतरी सांगत होते, पण वाऱ्यात शब्द फाटत होते. मग पहिली गाडी सुटली आणि ती उलट्या बाजूनं आली.

पंचशीलला आधी वाटलं, चालक चुकला. दुसरी गाडीही तशीच आली. त्यानं जवळच्या पिंपापाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं.

"अरे भिया, दिशा बदल दी," तो म्हणाला. "मंडप चुकीच्या बाजूला पडला. गाडी घसरली तर सीधी पाहुण्यांच्या अंगावर जाईल. म्हणून आज सगळे उलटे चालणार."

म्हणजे सगळी मोठी वळणं आता उजवीकडची. गाडी लोळणार डावीकडे. आणि तिचा सगळा भार कुठे येणार, ते पंचशीलला कोणी सांगायची गरज नव्हती.

तो धावला. पट्टीच्या कडेकडेनं, ढेकळांतून, चाळिशीला टेकलेला माणूस जेवढा धावू शकतो तेवढा धावला. सुरुवातीच्या रेषेपाशी क्लबचे सेक्रेटरी मालोजी झेंडा घेऊन उभे होते. तो त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा लाल कूपे नुकतीच सुटली होती.

"साहेब, सात नंबर, ती लाल गाडी थांबवा. टायर खराब आहे. डावा मागचा."

"तूच लावलास ना टायर?" मालोजींनी विचारलं.

"मीच लावला. पण तेव्हा उलटी दिशा नव्हती. झेंडा दाखवा साहेब, थांबवा त्यांना."

"हे बघ, आत राजवाडे बसलेत, इंजिनिअर आहेत ते. त्यांना सूचना दिलेली आहे. काही वाटलं तर ते थांबतील. मेकॅनिकनी दोरीच्या बाहेर राहायचं."

पहिली फेरी पुरी करून गाडी समोरून गेली. पंचशीलला तिचा आवाज ऐकू आला. इंजिनाच्या घरघराटाखाली एक बारीक, लयीत येणारी थापथाप होती. तिरकी चाती अशीच वाजते. मालोजींच्या कानांना ती कळणं शक्यच नव्हतं.

तो दोरीखालून वाकून पट्टीवर गेला. मागून कोणी ओरडलं. लांब उजव्या वळणातून बाहेर पडून गाडी जिथे सरळ रस्त्याला लागते, तिथपर्यंत तो धावत पोचला आणि मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवायला लागला. अंतर भरपूर आहे, असा त्याचा अंदाज होता. मोहन ओळखतील आणि ब्रेक लावतील.

गाडी वळणातून बाहेर आली. काचेमागे मोहनचा चेहरा दिसला. मग एकाच वेळी तीन गोष्टी झाल्या. निदान पंचशीलला त्या एकाच वेळी झाल्यासारख्या वाटल्या. गाडीचं नाक झटकन बाजूला गेलं, तोफेसारखा आवाज झाला, आणि मागचं डावं अंग खाली बसलं. कूपे त्याच्यापासून दहा हातांवरून आडवी घसरत गेली, कडेच्या चरात अडकली आणि उलटली.

त्यानंच पहिल्यांदा दार ओढलं. मोहन शुद्धीवर होते. "पाय," एवढंच म्हणाले.

इंदूरच्या इस्पितळात मोहनच्या कमरेचं आणि डाव्या पायाचं ऑपरेशन झालं. जिवावरचं टळलं. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या शहरातल्या गाडीवाल्यांना एकच गोष्ट कळली होती: मिस्त्री वेड्यासारखा पट्टीवर घुसला, त्याला वाचवायला राजवाड्यांनी गाडी वळवली.

पोलीस चौकीत पंचशीलनं जसं होतं तसं लिहून दिलं. फुगवटा दिसला, नको म्हणालो, तरी टायर मीच लावला, दिशा बदलल्यावर थांबवायला सांगितलं, कोणी ऐकलं नाही म्हणून पट्टीवर गेलो. तीन दिवसांनी मोहनचा जबाब झाला. त्यात होतं की अचानक माणूस समोर आला आणि त्याला चुकवताना गाडी उलटली. टायरचा उल्लेख नव्हता. ठाणेदार भला माणूस होता. तो म्हणाला, "दोघांचं जुळत नाही. पण तक्रार कोणाचीच नाही, तर मी तरी काय करू?" आणि त्यानं फाईल मिटली.

घरी जयानं एकदाच विचारलं. भांडी आवरताना, पाठमोरी. "तुम्ही पट्टीवर गेला नसता तर?"

"तूपण तेच विचारून राहिली?"

"मी नाही विचारत. ऑफिसात विचारतात. मला उत्तर नाही देता येत."

"मलाही नाही देता येत, जया. आवाज आधी झाला की गाडी आधी वळली, हेच मला आठवत नाही. रोज डोळे मिटून बघतो. कधी असं दिसतं, कधी तसं."

तिनं हात पुसले आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

पंधराव्या दिवशी तो इस्पितळात गेला. शोभना बाहेरच्या बाकावर होती. तिनं त्याला बघितलं, उठली, आणि काही न बोलता दार उघडून दिलं. मोहनचा पाय वजनांना टांगलेला होता. दाढी वाढली होती.

"बसा," मोहन म्हणाले.

पंचशील बसला नाही. "मला फक्त एक विचारायचं आहे. टायर कधी गेला? मी दिसायच्या आधी की नंतर?"

मोहननी नजर छताकडे वळवली. "पहिल्या फेरीच्या शेवटी थरथर लागली होती मागून."

"मतलब तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं."

"आणि दिशा बदलली, तेव्हा?"

"सूचना मिळाली तेव्हाच डोक्यात आलं. भार डावीकडे जाणार." त्यांनी डोळे मिटले. "माझे लोक पुढच्या रांगेत बसले होते. पहिली फेरी एक मिनिट दहाची लागली होती, पंचशील. मला वाटलं, दोनच तर राहिल्या आहेत."

"हे तुम्ही चौकीत का नाही सांगितलं?"

"कारखान्यात चौकशी चालू आहे. पाहुण्यांसमोर असा तमाशा झाला. खराब टायर माहीत असून गाडी चालवली असं कागदावर आलं, तर ज्या माणसाला सुरक्षेच्या पाट्या लावायला ठेवलंय त्याला ते ठेवतील का?" मग, जरा थांबून, "तुमच्यावर काही केस तर झाली नाही ना."

यावर पंचशीलला खूप बोलता आलं असतं. पोलोग्राउंडला गाड्या येणं थांबलं आहे, हे सांगता आलं असतं. आधीच्या आठवड्यात नानासाहेबांनी चहा मागवून, नजर चुकवून सांगितलं होतं, "लोक म्हणतात त्या मिस्त्रीच्या हाताला गाडी नको. मी म्हातारा झालो रे, लोकांशी भांडू शकत नाही." पण त्या टांगलेल्या पायाकडे बघून त्याचे शब्द आतच राहिले. शिवाय एक गोष्ट तोही जाणून होता. टायर लावणारे हात मोहनचे नव्हते.

"आधी की नंतर, ते तर तुम्ही सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"मला माहीत नाही," मोहन म्हणाले. "खरंच माहीत नाही. तुम्ही दिसलात, एवढंच आठवतं."

पंचशील बाहेर आला. शोभना दाराशीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कोणासाठी ते त्याला कळलं नाही.

उन्हाळ्यात त्यानं मानपुरात हायवेच्या कडेला टायरचं काम सुरू केलं. पत्र्याची शेड, हवेचा पंप, दोन जॅक. ट्रकवाल्यांना इंदूरच्या गप्पांशी देणंघेणं नव्हतं. पुढे घाट होता, आणि घाटाआधी सगळेच थांबतात. तो रोज पहाटेच्या बसनं जाई आणि संध्याकाळी परते. कचरूबाबा कधी सोबत येत, खाटेवर बसून ट्रकवाल्यांशी फौजेतल्या गोष्टी करत. मुलाला त्या दिवशी जे विचारलं होतं, ते त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पाऊस संपता संपता एक पांढरी मारुती शेडसमोर थांबली. शोभना चालवत होती. मागच्या सीटवर सामान छतापर्यंत भरलेलं होतं. मोहन कुबडी टेकत उतरले. डावा पाय गुडघ्यातून वाकत नव्हता.

"पुण्याला चाललो," ते म्हणाले. "कायमचे. इकडची नोकरी सोडली."

"हवा बघून देतो," पंचशील म्हणाला आणि गेज घेऊन खाली बसला.

मोहन त्याच्या मागे मागे एकेका चाकापाशी येत राहिले. तिसऱ्या चाकापाशी ते म्हणाले, "क्लबला पत्र लिहिलं मी. फुगवट्याचं, थरथरीचं, सगळं. मालोजींनी ते वाचून दाखवलं म्हणे सभेत."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

म्हणजे नोकरी सोडल्यावर, हे पंचशीलच्या ओठांपर्यंत आलं. मोहनना मात्र ते ऐकू आल्यासारखं झालं. त्यांनी मान खाली घातली.

"मला आता वाटतं," ते म्हणाले, "की तुम्ही आला नसता तर मी तिसऱ्या फेरीत गेलो असतो. तिथे वेग जास्त असता. मी उरलो नसतो."

"वाटतं."

"हो."

"माहीत नाही ना पण."

"नाही. माहीत नाही."

पंचशील उठला. एवढे महिने त्याला वाटत होतं की हा माणूस येईल, खरं बोलेल, आणि मग छातीवरचा दगड उतरेल. माणूस आला होता, खरंही बोलला होता. दगड जागेवरच होता. त्यानं मोहनकडे बघितलं तर त्यांचाही उतरलेला दिसत नव्हता. त्याला त्यांचा राग आला, आणि रागाच्या आतच त्यांची आठवणही आली, खडूच्या रेघेवर दोघं वाकलेले असायचे ती. समोरच उभ्या असलेल्या माणसाची आठवण यावी, हे त्याला विचित्र वाटलं.

"ताई," तो शोभनाला म्हणाला, "घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून नका राहू. ट्रकच्या मागे घाई नका करू."

तिनं मान हलवली. मोहननी हात पुढे केला. पंचशीलच्या हाताला काळं लागलं होतं. त्यानं तो पँटला पुसला आणि मग हात मिळवला. दोघांपैकी कोणी फार वेळ धरला नाही.

मारुती रस्त्याला लागली आणि दोन ट्रकांच्या मधे दिसेनाशी झाली. खाटेवरून कचरूबाबांनी विचारलं, "कोण होते?"

"ज्यांची गाडी होती, ते."

"काय म्हणाले?"

"खरं बोलले," पंचशील म्हणाला. मग बाजूला उभ्या असलेल्या ट्रकचा चालक चाकाचे बोल्ट किती घट्ट करायचे ते विचारायला आला, आणि तो पाना घेऊन त्याच्याबरोबर गेला.